हॅकनी बंधू आणि नावावर फोडलेलं खापर

'अ बँड कॉल्ड डेथ' ही 2012 ची डॉक्युमेंटरी पाहिली नसेल तर जरूर पाहा. मला ती फार आवडते. म्हणूनच तिच्याबद्दलची तक्रारही मांडावीशी वाटते.

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी, डेट्रॉइटचे तीन कृष्णवर्णीय भाऊ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घरातच फंक, म्हणजे कृष्णवर्णीयांचं ठेकेदार नाचगाणं, वाजवायचे. मग डेव्हिडने 'द हू' हा रॉक बँड आणि रॉक गायक अ‍ॅलिस कूपर ऐकले आणि तिघेही रॉककडे वळले, तेही असल्या वेगाने की आज ऐकतानाही दम लागतो. पंक म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक; त्याची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात त्या रामोन्स बँडचा पहिला अल्बम आला 1976 मध्ये. या पोरांची गाणी 1975 मध्येच रेकॉर्ड झाली होती. पण शहर मोटाउनचं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सोल गाण्यांसाठी गाजलेल्या रेकॉर्ड कंपनीचं. काळ्या पोरांनी सोल वाजवावं, जेम्स ब्राउन वाजवावा, ही अपेक्षा. हे गोऱ्यांचं संगीत तुम्ही कशाला वाजवता, असं त्यांच्याच वस्तीतले लोक विचारायचे.

चक बेरी, लिटल रिचर्ड आणि त्यांच्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प या कृष्णवर्णीय कलाकारांनी ज्याचा पाया घातला, ते संगीत वीसेक वर्षांत गोऱ्यांचं कसं झालं? डॉक्युमेंटरीत हा प्रश्न येतो, पण ती त्यावर हवी तेवढी थांबत नाही. तिचा जीव अडकलाय बँडच्या नावात.

नावाची गोष्ट आहेच तशी. वडील अपघातात गेले, त्यानंतर डेव्हिडने बँडचं नाव 'डेथ' ठेवलं. मरणाकडे वाईट म्हणून बघायचं नाही, हा त्याचा आग्रह. रेकॉर्ड कंपन्यांमधले बडे प्रस्थ क्लाइव्ह डेव्हिस यांना गाणी आवडली, पण नाव बदला म्हणाले. डेव्हिड अडून बसला. बाकी दोघांना संधी सोडवत नव्हती, तरी ते भावाच्या पाठीशी उभे राहिले. मग 1976 मध्ये स्वतःच एका सिंगलच्या 500 प्रती काढल्या, आणि सगळं तिथेच थांबलं.

म्हणजे सगळं खापर नावावर. मला हे पटत नाही. त्याच काळात 'ग्रेटफुल डेड' नावाचा बँड अमेरिकाभर गर्दी खेचत होता. 'ब्लॅक सॅबथ'चे रेकॉर्ड लाखांनी खपत होते. अडचण फक्त नावाची असती तर यांचीही झाली असती. रॉकची रेडिओ स्टेशन्स वेगळी आणि सोलची वेगळी, कंपन्यांमध्येही तशीच विभागणी. रॉक वाजवणारे तीन काळे भाऊ यातल्या कुठल्याच कप्प्यात बसत नव्हते. कृष्णवर्णीय रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स होता की, असं कुणी म्हणेल. पण त्याचं नाव आधी झालं लंडनमध्ये!

म्हणून पडद्यावर काळे चेहरे दिसले की प्रतिनिधित्व झालं, असं मी मानत नाही. दार कुणी बंद केलं होतं, हे ठणकावून सांगणं हाही त्याचाच भाग आहे. पंक गायक हेन्री रॉलिन्स, अभिनेता इलायजा वुड येऊन कौतुक करतात ते छान आहे. पण त्यांच्याऐवजी त्या वेळच्या डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय वादकांचं, श्रोत्यांचं म्हणणं आणखी ऐकायला मिळालं असतं तर? आणि घरात हा दणदणाट चालू देणाऱ्या आईबद्दलही आणखी हवं होतं.

बॉबी आणि डॅनिस स्वतः बोलतात तेव्हा मात्र ही डॉक्युमेंटरी उंचीवर जाते. डेव्हिड 2000 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. जाण्याआधी त्याने टेप्स बॉबीकडे सोपवल्या, जग एक दिवस या शोधत येईल म्हणून. 2009 मध्ये ड्रॅग सिटी या रेकॉर्ड कंपनीने त्या गाण्यांचा अल्बम काढला. बॉबीच्या मुलांनी 'रफ फ्रान्सिस' नावाचा बँड काढून काकांची गाणी वाजवली. हे पाहताना माझे डोळे भरून येतात.

आणखी एक. डेथला सगळे 'पंकच्या आधीचं पंक' म्हणतात. म्हणजे मोजपट्टी पुन्हा रामोन्सचीच. हे भाऊ स्वतः आपल्या संगीताला डेट्रॉइटचं रॉक अँड रोल म्हणत आलेत. आपणही तेच म्हणू या.