टरेट प्रेस, पावडर मेजर आणि तो फिरणारा मेसेज

भावांनो, यावल-चोपड्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की पीकसंरक्षणाच्या बंदुकीचं लायसन्स असेल तर टरेट प्रेस (काडतुसं भरायचं हातयंत्र, वर फिरती चकती म्हणजे टरेट असलेलं) मागवा, पावडर मेजर (दारू मापून टाकणारं साधन) बंदुकीची दारू बरोबर वजनाचीच टाकतं, काटा नको, रिकामी काडतुसं घरीच भरा. साफ चूक आहे, दोन्ही बाजूंनी.

मेजर वजन करतच नाही. त्यात ठरलेल्या आकाराची पोकळी असते, ती भरते अन् रिकामी होते, आपल्याकडं ज्वारी मापट्याने मोजायचे ना तसंच, मग दारूचा दाणा बदलला, वरच्या डब्यातली पातळी उतरली, हँडल कधी जोरात कधी हळू मारलं की वजन बदलतं. म्हणून अमेरिकेत, जिथं लोक हे कायद्यात राहून करतात, तिथंही काट्यावर तपासत राहतात, आणि तो काटा ग्रेनमध्ये असतो, १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅमच्या आसपास, विचार करा किती बारीक काम आहे. टरेट हाताने फिरवताना लक्ष हटलं तर काडतुसाच्या एकाच रिकाम्या नळीत (केसमध्ये) दोनदा दारू पडते, अन् पिस्तुलाच्या काही पावडरी इतक्या थोड्या लागतात की डबल पडली तरी मावते, वरून शंका येत नाही. मग बंदूक हातातच फुटू शकते.

आणि कायदा. बंदूक बाळगायचं लायसन्स म्हणजे काडतूस बनवायचं लायसन्स नाही, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम ५ त्यासाठी वेगळा परवाना मागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत. रानडुकरं केळी उद्ध्वस्त करतात हे खरंय, पण काडतुसं लायसन्सवाल्या दुकानातूनच घ्या रे.