माशाच्या अंड्यात नकाशा नसतो

गेले काही दिवस एक व्हिडिओ फिरतोय. काचेसारखं पारदर्शक अंडं, त्यात एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, आणि बघता बघता डोळे, शेपूट, धडधडणारं हृदय. व्हिडिओ खरा आहे आणि सुंदर आहे. त्याखालचा मजकूर मात्र असा: "हा झेब्राफिश. २४ तासांत पूर्ण मासा तयार. प्रत्येक अवयवाचा नकाशा डीएनएमध्ये आधीच लिहिलेला असतो, पेशी फक्त तो वाचतात. माणसाचं ७० टक्के डीएनए या माशासारखंच आहे. याचं हृदय कापलं तरी पुन्हा उगवतं. तेच आता स्टेम सेलच्या इंजेक्शनने आपल्यालाही शक्य आहे."

माझ्या मामेबहिणीच्या मुलाच्या हृदयाला जन्मतः छिद्र आहे. तिने हा मजकूर मला पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "म्हणजे माझ्याकडूनच नकाशा चुकीचा गेला का रे?" याच माशाची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात माझी पाच वर्षं गेली आहेत. तिला फोनवर सांगितलं ते इथे नीट लिहितो, कारण हा प्रश्न पडलेली ती एकटी नसणार.

आधी २४ तासांचं. संध्याकाळी नर आणि मादी एका टाकीत मध्ये पडदा घालून ठेवायचे, सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. थोड्याच वेळात तळाच्या जाळीखाली खसखशीच्या दाण्याएवढी अंडी जमतात. जाळी नसेल तर आईबापच ती गट्ट करतात. साडेअठ्ठावीस अंश सेल्सिअसला ठेवलं तर पाऊण तासात पहिली पेशी विभागते, मग दर पंधरा मिनिटांनी पुढचं विभाजन, आणि तीन तासांत हजारभर पेशी. दहाव्या तासानंतर पाठीच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे आणि मणक्यांचे ठोकळे साधारण दर अर्ध्या तासाला एक जोडी या वेगाने पडत जातात. चोविसाव्या तासाच्या सुमारास हृदय हलू लागतं. तो पहिला ठोका ठोक्यासारखा नसतोच. सरळ नळीच्या एका टोकाला थरथर होते, थांबते, पुन्हा होते. शेकडो वेळा पाहिलं तरी त्या क्षणी मी श्वास रोखूनच बसायचो.

पण तो पूर्ण मासा नव्हे. जबडा नाही, आतडं चालू नाही, हृदयाला झडपा नाहीत. दोन ते तीन दिवसांनी पिल्लू अंड्याबाहेर येतं, तेव्हाही बलकावरच जगत असतं. पाचव्या दिवसाच्या आसपास पोटातली हवेची पिशवी फुगते, ते नीट तरंगतं आणि शिकार करू लागतं. स्वतः अंडी घालण्याजोगं व्हायला तीनेक महिने लागतात. चोविसाव्या तासाला शरीराचा आराखडा दिसतो, एवढंच खरं.

आता नकाशा. मजकुरातलं हेच विधान सगळ्यात पटण्यासारखं वाटतं आणि हेच सगळ्यात जास्त दिशाभूल करतं.

पहिली गोष्ट, पहिल्या तीनेक तासांत भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्प असतात. त्या वेळचा कारभार आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए (जनुकांतल्या सूचनांच्या नकला) आणि प्रथिनांच्या शिदोरीवर चालतो. हजार पेशी होईपर्यंत बहुतेक 'वाचन' सुरूच झालेलं नसतं.

दुसरी गोष्ट हृदयाची. हृदयाच्या पेशी सुरुवातीला शरीराच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन पट्ट्यांत असतात. त्या सरकत मध्यरेषेपर्यंत येतात, एकमेकींना मिळतात आणि त्यांची एक नळी होते. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये जीवशास्त्रज्ञ क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड यांच्या गटाने आणि अमेरिकेत बोस्टनमधल्या गटाने जनुकांत बिघाड असलेल्या हजारो माशांची छाननी केली. त्याचे ३७ लेख डिसेंबर १९९६ मध्ये एका नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. त्या छाननीतल्या एका वाणाचं नाव 'माइल्स अपार्ट', म्हणजे कोसो दूर. यात दोन्ही पट्ट्या मध्ये येतच नाहीत. माशाला दोन हृदयं होतात, दोन बाजूंना एकेक, आणि दोन्ही धडधडतात.

नकाशा वाचणाऱ्या पेशींचा सिद्धांत खरा असता, तर दोष त्या हृदयाच्या पेशींच्या आत सापडायला हवा होता. संशोधकांनी बिघाड असलेल्या पेशी निरोगी भ्रूणात ठेवून पाहिल्या, तर त्या व्यवस्थित मध्यरेषेला आल्या. उलट, निरोगी पेशी बिघाड असलेल्या भ्रूणात ठेवल्या, तर त्या बाजूलाच अडकल्या. दोष चालणाऱ्याच्या पायांत नव्हता, वाटेत होता. शेजारच्या ऊतींनी रस्ता दिला तरच हृदयाच्या पेशी घरी पोचतात.

तिसरी गोष्ट तर मला आजही थक्क करते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या संशोधकांनी दीडेक दिवसाच्या भ्रूणाच्या हृदयाच्या तोंडाशी काचेचा एक मणी अडकवला, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. जनुकांना हात लावला नाही, फक्त रक्ताची वाट अडवली. हृदयाला नीट वळण पडलं नाही आणि झडपा झाल्या नाहीत. मणी असाच आत ठेवला पण वाट मोकळी राहिली, तेव्हा हृदय व्यवस्थित घडलं. वाहत्या रक्ताचा रेटा आतल्या पेशींना जाणवतो आणि त्यावर त्या पुढचा आकार घेतात. हृदय धडधडत धडधडतच स्वतःला घडवतं. नदी पात्र कोरते आणि पात्र नदीला वळवतं, तसं हे आहे.

डावं-उजवंसुद्धा असंच ठरतं. शेपटीच्या टोकाशी काही तासांपुरती एक इवलीशी पिशवी तयार होते. तिच्यातले केसासारखे तंतू गरगर फिरतात आणि आतला द्रव डावीकडे ढकलतात. ते तंतू निकामी असले तर हृदय कोणत्या बाजूला झुकेल हे नाणेफेकीवर जातं. माणसातही असे तंतू जन्मतः निकामी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं. जनुकं तीच, दोष तोच, तरी कुणाचं डावीकडे आणि कुणाचं उजवीकडे.

जनुकं बिनमहत्त्वाची आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय यातलं काहीच होणार नाही. पण त्यांत हृदयाचं चित्र कुठेही काढलेलं नाही. कोणतं प्रथिन कधी आणि किती बनवायचं एवढं तिथे आहे. बाकी सगळं पेशींच्या आपसातल्या बोलण्यातून, ढकलाढकलीतून, प्रवाहातून आणि थोडंफार योगायोगातून उभं राहतं. जन्मतः हृदयदोष शंभरातल्या सुमारे एका बाळाला असतो, आणि त्यांतल्या अनेकांत कोणत्याही एका जनुकाकडे बोट दाखवता येत नाही. म्हणून बहिणीला सांगितलं, तू काही चुकीचं दिलं नाहीस. तुझ्या पोटात लाखो पेशी एकमेकींना वाट देत होत्या, आणि एका ठिकाणी दोन कडा मिळायच्या राहिल्या.

७० टक्क्यांचं थोडक्यात. २०१३ मध्ये या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना माशात निदान एक तरी ओळखता येणारं भावंड आहे, असा तो आकडा. डीएनएची ७० टक्के अक्षरं सारखी आहेत असा त्याचा अर्थ नव्हे. ही भावंडं मोलाची नक्कीच आहेत. माशाच्या एका वाणाचं हृदय मुळीच धडधडत नाही, त्याच्यात बिघडलेलं जनुक माणसात हृदयाच्या स्नायूंचा आनुवंशिक आजार घडवतं. भ्रूण इतका लहान असतो की रक्त न फिरताही पाण्यातला प्राणवायू त्याला काही दिवस पुरतो, म्हणून बंद हृदयाचाही अभ्यास करता येतो. उंदरात ते शक्य नाही. पण माशाचं हृदय दोन कप्प्यांचं, आणि फुप्फुसं त्याला नाहीतच. कुठे साम्य आहे आणि कुठे संपतं, हे अवयवागणिक तपासावं लागतं. (हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांत त्याची नोंद केली. मग तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला आणि आता पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांतही त्याच्या टाक्या आहेत.)

राहिलं इंजेक्शन. हृदय पुन्हा भरून येतं हे खरं आहे. २००२ मध्ये दाखवलं गेलं की खालच्या कप्प्याचा पाचवा भाग कापला तरी दोनेक महिन्यांत तो भरतो. पण २०१० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की नवा स्नायू येतो तो आधीच्या स्नायूपेशींपासून. त्या आपलं पक्वपण थोडं सोडतात आणि पुन्हा विभागू लागतात. बाहेरून मूलपेशी (स्टेम सेल) टोचण्याशी याचा संबंध नाही. एका दिवसाच्या उंदराच्या पिल्लातही ही ताकद असते, सात दिवसांच्या पिल्लात ती उरत नाही. मोठ्या माणसाच्या हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी बदलतात. हे कुलूप कसं उघडायचं यावर जगभर काम चालू आहे. ते उघडलेलं नाही.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तेव्हा हा व्हिडिओ दाखवून कुणी मुलाच्या हृदयासाठी पॅकेज सांगू लागलं, तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला चाचणीचा क्रमांक मागा आणि घरी येऊन वेबसाइटवर तपासा. आणि एक लक्षात ठेवा, चाचणीत सामील होणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.