ग्रिप सैल झाल्याच्या आपल्या तक्रारीला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार. आपण दोनच तारे दिलेत, ते आम्हाला मान्य आहेत. आपल्या जुन्या मोटरसायकलला आमच्याकडे नव्या ग्रिप बसवल्या आणि चौथ्याच दिवशी डावी ग्रिप हातात फिरू लागली. परत आलात तर टेप गुंडाळून दिली, तीही पावसात सरकली. उजवीकडचा अॅक्सिलरेटर सोडल्यावर अडकत अडकत मागे येतो. आणि काउंटरवर उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." हे चालायचं नाही. ते उत्तर चुकीचं होतं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आधी उजवी बाजू, कारण तिथे धोका आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावर झटकन बंद होत नाही तोवर कृपया गाडी चालवू नका. आपल्या फोटोत ग्रिपची आतली कड स्विचच्या डब्याला अगदी चिकटलेली दिसते. रबर तिथे घासतं आणि अॅक्सिलरेटर मागे ओढणाऱ्या स्प्रिंगचा जोर पुरत नाही. तिथे 1 ते 2 मिमी फट हवी. बंद टोकाची ग्रिप जास्त आत ठोकली तर तिचं टोक हँडलच्या पाइपच्या तोंडावर दाबलं जातं, तेव्हाही हेच होतं. दोन्ही ठिकाणं पाहायला हवी होती, आम्ही पाहिली नाहीत. तपासणी इंजिन बंद ठेवून करायची: हँडल सरळ, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून सोडायचा. तिन्ही वेळा तो आपोआप, आवाज करत बंद झाला पाहिजे. केबलला ग्रिपच्या कडेवर मोजून साधारण 2 ते 6 मिमी ढील हवी. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत नेमका आकडा असेल तर तोच धरावा.

आता डावी. फोटोत ग्रिपच्या कडेखालून टेपची काळी, चिकट सुरळी बाहेर आली आहे. इन्सुलेशन टेप साधारण 0.15 मिमी जाडीची असते, म्हणजे एका वेढ्याने व्यास 0.3 मिमी वाढतो आणि ग्रिप त्या वेळी घट्ट वाटते. पण उन्हाने आणि मुठीच्या दाबाने टेपचा गोंद मऊ पडतो आणि ग्रिप टेपसकट फिरते. मूळ चूक त्याही आधीची आहे. ग्रिप सरकवायला आमच्याकडे तेलाचा स्प्रे मारला गेला. रबर आणि क्रोम यांच्यामध्ये अडकलेलं तेल उडून जात नाही, त्यावर सोल्यूशनही (ग्रिप चिकटवायचा गोंद) धरत नाही. तेलाऐवजी साबणाचं पाणी वापरलं तर ते वाळतं खरं, पण ग्रिपखाली लोखंडी पाइपला गंज चढवू शकतं.

एका मुद्द्यावर मात्र आपला गैरसमज दूर करावासा वाटतो. दोन ग्रिपची भोकं वेगवेगळ्या मापाची आहेत, म्हणजे जोडी चुकीची दिली, असं आपण लिहिलंय. तसं नाही. डावी ग्रिप थेट हँडलवर बसते आणि आपल्या हँडलचा व्यास 22.2 मिमी आहे. उजवी बसते अॅक्सिलरेटरच्या प्लास्टिक नळीवर, आणि ती नळी हँडलवर चढलेली असल्यामुळे तिचा बाहेरचा व्यास हँडलपेक्षा सुमारे 3 मिमी जास्त असतो. दोन्ही भोकं सारखी असती तर एक बाजू नक्कीच चुकली असती.

गाडी आमच्याकडे आली की दोन्ही ग्रिप उभ्या कापून काढू, कारण तेल लागलेली ग्रिप पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. नव्या ग्रिप आमच्याकडून, कामाचे पैसे नाहीत. जुनं सोल्यूशन खरवडून काढू, गंजाचे ठिपके असतील तेवढेच 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासू (चांगल्या क्रोमला हात लावायचा नाही) आणि पाइप व नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग व्हर्नियरने (बारीक माप घ्यायचं साधन) पाइपची जाडी तीन ठिकाणी मोजू. गंजाने पाइप खाल्ला असेल तर तसं स्पष्ट सांगू. तिथे सोल्यूशन जास्त ओतून उपयोग नसतो, ते पोकळी भरायला बनवलेलं नाही. अशा वेळी हँडल बदलणं योग्य.

बसवताना ग्रिपचं सोल्यूशन आतून पातळ लावायचं आणि ग्रिप एका दमात, पिळत आत न्यायची. मध्ये थांबलं की ग्रिप अर्ध्यावरच धरते. उजवीकडे सोल्यूशन नळी आणि हँडल यांच्यामध्ये उतरलं तर अॅक्सिलरेटरच जाम होतो, म्हणून तिथे हात आणखी आखडता. नव्या ग्रिपला तारेच्या खाचा असतील तर 0.8 मिमी स्टेनलेस तार आवळू आणि पिळाचं टोक तळहाताला लागणार नाही असं खाली वळवून रबरात दाबू.

गाडी 24 तास आमच्याकडे ठेवावी लागेल. सोल्यूशन पूर्ण वाळायच्या आत ग्रिप पिळली तर ती पुन्हा सुटते, आणि मागच्या वेळी आपल्याला गाडी अर्ध्या तासात दिली होती. गाडी चालवत आणू नका, फक्त कळवा, आमचा माणूस येऊन गाडी उचलून नेईल.