पोलिओ डोसाने मूलबाळ होत नाही? साफ खोटं

'पोलिओचा डोस घेतलेल्या मुलांना पुढे मूलबाळ होत नाही,' असा मेसेज सोलापुरात पूर्व भागातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात काडीचंही तथ्य नाही. पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला. तेव्हा डोस घेतलेली पोरं आज स्वतःची लेकरं कडेवर घेऊन बूथवर येतात. आणखी काय पुरावा हवा?

'पोलिओ गेला, मग डोस कशाला?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. भारतात नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो विषाणू अजून आहे.

उन्हाने लस बिघडली असेल अशी धास्ती वाटली, तर आशाताईंना कुपी दाखवायला सांगा. लेबलवरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिकट असेल, तर ती उष्णतेने खराब झालेली नाही. बिनधास्त विचारा, तो तुमचा हक्कच आहे.