लिथियम कालबाह्य नाही

बायपोलर विकारावर, म्हणजे अतिउत्साहाचा उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या मानसिक आजारावर, दिले जाणारे लिथियम हे औषध आता कालबाह्य झाले आहे, हे लेखातील विधान पटले नाही. ऑस्ट्रेलियात मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. ते नेमके कसे काम करते याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नसला, तरी बायपोलर विकारात पुन्हा झटका येऊ नये म्हणून ते आजही पहिल्या पसंतीच्या औषधांत गणले जाते.

त्याची खरी अडचण आहे ती देखरेखीची, आणि तिचा लेखात उल्लेखही नाही. माझ्या धाकट्या भावाला रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी लिथियमची पातळी तपासण्यासाठी रक्त द्यावे लागते, शिवाय थायरॉइड आणि (मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून) क्रिएटिनिन अधूनमधून तपासावे लागते ते वेगळेच. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले किंवा गुडघेदुखीवर कोणी सहज आयबुप्रोफेन दिले, तरी रक्तातील पातळी वाढून हात थरथरू लागतात. जिथे ही तपासणीच होत नाही, तिथले डॉक्टर लिथियम लिहून देण्यास कचरले तर नवल नाही.