संभाजीनगर ते नांदेड १६ मिनिटांत? हा हिशोब चुकीचा आहे

‘छत्रपती संभाजीनगर ते नांदेड हवाई अंतर २१५ किलोमीटर, विमानाला लागतात जेमतेम १६ मिनिटं. मग रेल्वेच्या दुहेरीकरणावर पैसा कशाला घालायचा?’ हा मेसेज सध्या मराठवाड्यातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतोय.

अंतर बरोबर आहे. पण ते संभाजीनगरचा चिकलठाणा आणि नांदेड या दोन विमानतळांमधलं, अक्षांश-रेखांशावरून काढलेलं सरळ रेषेतलं अंतर. असं अंतर कुठल्याही दोन विमानतळांमधलं काढता येतं, मधे विमान उडत असो वा नसो.

१६ मिनिटं आली कुठून? २१५ ला ताशी ८०० किलोमीटरने भागलं की आली. हा मोठ्या जेटचा उंचावरचा वेग. इतक्या जवळच्या प्रवासात तो गाठेपर्यंत उतरायची वेळ होते. अशा मार्गांवर सहसा जाणारं एटीआर हे पंख्याचं छोटं विमान तर ताशी ५०० च्या आसपासच उडतं.

शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत आणि विमान उडतं-उतरतं ते वाऱ्याकडे तोंड करून. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे नांदेड आग्नेयेला असूनही विमान आधी पश्चिमेकडे उडणार, मग वळणार. नांदेडला ते पुढे पूर्वेला जाऊन परत फिरणार आणि मगच उतरणार. धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याची मिनिटं वेगळीच. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत २७ एप्रिल २०१७ ला नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं. तिथलं सरळ अंतरही अडीचशेच्या आसपासच, आणि प्रवास जवळपास तासाभराचा होता.

आता घरापासून घरापर्यंत मोजा. क्रांती चौकातून चिकलठाण्याला जायचं, विमानाच्या तास-दीड तास आधी पोचायचं, सुरक्षा तपासणी, पाऊण तासाचा प्रवास, सामानाची वाट, मग नांदेड शहरात जाणारी रिक्षा. तीन-साडेतीन तास सहज जातात. एक्स्प्रेस गाडीला साधारण चार ते साडेचार तास लागतात आणि तिकीट कितीतरी स्वस्त. लोहमार्गाचं अंतरही सुमारे २३५ किलोमीटरच आहे, हवाई अंतराहून फक्त वीसेक जास्त.

म्हणूनच मेसेजमधला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात घातक वाटतो. परभणीच्या पुढे, नांदेडपलीकडच्या मुदखेडपर्यंत दुहेरी मार्ग झालाय. संभाजीनगर–परभणी हा टप्पा एकेरी आहे, म्हणून क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला, गाड्या स्टेशनात थांबून राहतात. मंजूर झालेलं दुहेरीकरण पूर्ण झालं, तर हा वेळ खरोखर वाचेल. नांदेडहून दिल्ली-मुंबईला विमान हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण याच मार्गावरच्या परतूर, सेलू, मानवतहून संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात पेशंट घेऊन येणाऱ्याला किंवा उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारखेला येणाऱ्याला वरून जाणाऱ्या विमानाचा काय उपयोग? दुहेरीकरणाच्या मागणीला फाटे फोडणारा हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका.