गुडघ्याने तोंड उघडलं

माझ्या उजव्या गुडघ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं ते पर्वतीवर. १०३ पायऱ्या चढेपर्यंत बेटा गप्प होता. देवदेवेश्वराला नमस्कार झाला, भाजक्या शेंगा झाल्या, आणि उतरायला लागलो तशी विसाव्या पायरीला वाटीमागे कुणीतरी दाभण खुपसलं. तिथून पुढे मी खेकड्यासारखा आडवा उतरलो. नऊवारीतल्या एक आजी शेजारून तुरुतुरु खाली गेल्या. वर "सावकाश हं बाळा" म्हणाल्या. बाळाचं वय ५४.

गुडघा दुखतो हे चारचौघांत बोलू नये. शेजारचे अण्णा म्हणाले, "वंगण संपलं." मावशी म्हणाली, "वात." मग निर्गुडीचा पाला, कोमट एरंडेल, सकाळी भिजवलेल्या मेथ्या. आठवडाभरात गुडघा तसाच, फक्त ऑफिसच्या लिफ्टमध्ये माझ्याभोवती ऐसपैस जागा राहू लागली.

शेवटी डॉक्टर. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, वाटी अंगठ्याने दाबली. मी अर्धा इंच उडालो.

"सकाळी आखडतो?"

"हो, पण दहा मिनिटांत सुटतो."

"बरं. तासभर आखडून राहिला असता तर मी संधिवाताच्या तपासण्या सांगितल्या असत्या. लाल, गरम, सुजलेला, वर ताप, असं असतं तर मेथ्या खात न बसता त्याच दिवशी यायचं. वाजतो का?"

"कटकट वाजतो."

"वाजू दे. नुसत्या आवाजाला आम्ही विचारत नाही."

वंगण संपत वगैरे नाही म्हणे. हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चा असते, ती माझ्या वयाला साजेशी झिजू लागलीय. त्यात मांडीचा स्नायू खुर्चीत बसून ढिला पडलेला. पायरी उतरताना शरीराचा तोल त्यानेच सावरायचा, तो झोपलेला, म्हणून सगळा भार वाटीवर. उपाय काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबून पाच आकडे मोजायचे, सोडायची. (इतका स्वस्त उपाय सांगितल्यावर फी देताना हात जड होतो.)

इथवर ठीक होतं. पण जाता जाता ते म्हणाले, "एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो." हे त्यांनी आमच्या हिच्यासमोर बोलायला नको होतं.

"आठ किलो तरी जास्त आहे तुमचं. आठ चोक बत्तीस," ही रिक्षात म्हणाली आणि घरी आल्याआल्या डिंकाच्या लाडवांचा डबा ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे गेला. वास्तविक ते लाडू बहिणीने माझ्या गुडघ्यांसाठीच पाठवले होते.

काल रात्री साडेअकराला, दिवा न लावता, मी ओट्यापाशी उकिडवा बसलो. पिठाचा डबा अलगद सरकवला. झाकणाला हात लागला, आणि खालून स्पष्ट आवाज आला. कट्. मग डावाही बोलला. कट्.

"अहो," आतून हाक आली, "टॉवेल कपाटात आहे."